डोहाच्या जागेवरचा खडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या पोरींना नाही. देवीपुढे उभी राहिले तेव्हाही नाही — तिला काय सांगायचं, तिच्या डोळ्यांदेखतच घडलं ते. तुम्ही परके आहात, म्हणून सांगते. मी चौथी शिकलेली बाई, मला फिरवून बोलता येत नाही. तरी बघा, सुरुवात फिरवूनच करते आहे.

माझं माहेर घोटावड्याचं. लग्न होऊन आले ती मुळशीच्या धरणाचं पाणी जिथं संपतं, त्याच्याही वर. डोंगरात आमची वाडी, खाली नदी. नवरा मुंबईला, सासू आधीच गेलेली. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायचे.

वाडीच्या वर देवीचं ठाणं, आणि ठाण्याखाली डोह. डोहातले मासे देवीचे. त्यांना कुणी हात लावायचा नाही. कातकरी सगळी नदी पालथी घालायचे, पण डोहाला वळसा घालून जायचे. चैत्रात जत्रेला भात शिजायचा, आणि पहिली मूठ डोहात टाकायचा मान मामंजींचा. मूठ पडली की आधी बारके मासे यायचे. मग ते सगळे एकदम बाजूला व्हायचे, आणि खालून थोरला यायचा. थोरला म्हणजे त्या डोहातला सगळ्यांत मोठा खडस मासा. यायचा म्हणजे काय — पाणी फुगायचं, म्हशीसारखी काळी पाठ वर यायची, तिच्यावर सोनेरी काहीतरी चमकायचं, आणि भात नाहीसा. माणसं हात जोडायची.

अख्खा थोरला कुणी पाहिलेला नव्हता. मामंजींनीही नाही. लहानपणापासून भात टाकत आले, पण पाठीपलीकडे काही दिसलं नाही. मी हात जोडायचे, पण डोळे मिटायचे नाही. मला तो अख्खा बघायचा होता. ह्याला भक्ती म्हणायचं की हाव? मला तेव्हाही कळलं नाही.

अशात एका हिवाळ्यात पुण्याचा एक साहेब आला. पेन्शनीतला, आपल्यासारखं मराठी बोलणारा. त्याला होळीनंतर दोस्तांना घेऊन नदीवर मासे धरायला यायचं होतं, त्याची आखणी करायला आला होता. तंबू कुठं ठोकायचा, ओझी कोण वाहणार, दूध कुणाचं, पाणी कधी निवळतं — सगळं मामंजींना विचारून घेतलं. आणि मग मागितली आमच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं.

मामंजी म्हणाले, "कोंबडा सोडून पिसं मागनारा पावना पयल्यांदाच बघितला."

मी पिसं आणून दिली. साहेबाने पडवीत बसून एका गळाला ती रेशमाच्या दोऱ्याने गुंडाळली, आणि बघता बघता माशी झाली. पाय, पंख, सगळं. फुंकर मारली तर उडेल अशी. "आन् मासा येडा हाय का, पिसं खायला?" मामंजींनी विचारलं. साहेब म्हणाला, "भूक नसली तरी चिडून घेतो."

मग तो घराखालच्या पाण्यात उतरला. मी हंडा घेऊन खाली गेले होते. त्याच्या हातात एक लवचीक काठी होती, तिच्या दोऱ्याला ती माशी बांधलेली. काठी त्याने मागे नेली, पुढे आणली — आणि दोरा हवेत उलगडत गेला. सापासारखा म्हणावा तर साप एवढा सावकाश जात नाही. उन्हात तो लांबच लांब होत गेला, आणि शेवटी ती माशी पाण्यावर अशी टेकली की वलयसुद्धा उठलं नाही. माझा हंडा भरून वाहत होता, मला भान नव्हतं. माणसाच्या हाताला असं येतं? आमच्याकडे मासा म्हणजे जाळं, नाहीतर मासे गुंगायला पाण्यात पाला कुटून टाकायचा. हे मी पहिल्यांदा बघत होते.

आणि तिथंच माझ्या मनात आलं — हा दोरा डोहावर पडला तर?

दुपारी मामंजींनी साहेबाला नदी समजावली. अंगणात राखेने रेघ ओढली, ती नदी. जिथं जिथं खोल पाणी, तिथं एक एक खडा ठेवत वर गेले. ह्या खड्याशी तंबू, ह्या खड्याशी सकाळ, इथं संध्याकाळ. देवीच्या ठाण्यापाशी आले आणि हात थांबला. हातातला खडा त्यांनी मुठीतच ठेवला.

"हितनं वर काय न्हाई साहेब. निस्तं खडक."

थोड्या वेळाने ते बैल सोडायला गोठ्याकडे गेले. साहेब एकटाच त्या रेघेकडे बघत बसला होता. मी चहाची कपबशी उचलायला वाकले. परक्या माणसाशी बोलायची आमच्यात रीत नव्हती, आणि मी बोललेही नाही. पायाच्या अंगठ्याने एक खडा सरकवला — रेघेच्या वरच्या टोकाला, जिथं जागा रिकामी होती तिथं. साहेबाने वर बघितलं. मी होकाराची मान हलवली आणि आत गेले.

झालं. एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून पुढे किती वर्षं स्वतःला सांगत राहिले की मी कुणाला काही बोलले नाही.

संध्याकाळी तो खडा उचलायचा राहिला. सकाळी बघते तर रेघही नाही, खडेही नाहीत. मला वाटलं कोंबड्यांनी उकरलं.

होळी झाली, साहेब दोस्तांसह आला. खालच्या डोहांवर दोन दिवस मामंजीच त्यांच्याबरोबर होते. तिसऱ्या दिवशी भावकीतलं लग्न होतं म्हणून ते गेले. मी लाकडांचं निमित्त करून पहाटेच वर जाऊन करवंदीच्या जाळीत बसले. साहेब येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी त्याच्या जागी असते तर आले असते.

तो एकटाच आला. दोरा टाकला. तीच गंमत, सावकाश उलगडत जाणारी. एकदा, दोनदा. मग डोहाच्या मधोमध पाणी फुगलं, आणि त्याच्या काठीचं दोरा गुंडाळायचं चाक ओरडायला लागलं. मासा वर आला नाही, खाली गेला. साहेब कमरेइतक्या पाण्यात ओढला गेला, गुडघ्यावर पडला, उठला. ऊन डोंगरावरून उतरून पाण्यापर्यंत आलं तरी चाललं होतं. शेवटी थोरला उथळ पाण्यात आडवा झाला.

मी त्याला अख्खा पाहिला. पाठ काळी-हिरवी, आणि तिथून पोटाकडे सोनं उतरत गेलेलं. एक एक खवला माझ्या तळहाताएवढा. जाड ओठ, म्हाताऱ्या माणसासारखे. कल्ला उघडला की आत लाल भडक दिसायचं, दिवा लावल्यासारखं. साहेबाने डोक्यावरची टोपी काढली. तोही घाबरला होता, मला वाटतं.

मला वाईट वाटलं? नाही. खरं तेच सांगते. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी तोंडावर पदर धरून हसत होते. देवळात कधी झालं नाही असं काहीतरी मला होत होतं. साहेबाने दगड उचलून त्याच्या डोक्यात घातला, तेव्हाही मी बघतच होते.

जत्रेला मामंजींनी मूठ टाकली. बारके आले, आणि बाजूला झालेच नाहीत. सगळा भात त्यांनीच खाल्ला. दुसरी मूठ, तिसरी. मग एका गुराख्याने खडकात सापडलेला वाळका खवला आणून दाखवला.

ठाण्यापुढेच वाडी बसली. साहेबाला डोह कुणी दावला? मामंजी म्हणाले, म्या न्हाई. मग कुणी? मी बायकांत मागे उभी होते. मला वाटलं होतं ते शपथ घेतील, भांडतील.

"माज्या आंगनात बसला व्हता त्यो," ते म्हणाले. "तवा माजंच."

पहिल्या मुठीचा मान चुलत भावाकडे गेला. लोक म्हणाले, साहेबाच्या चहाबिस्किटांवर म्हाताऱ्याने देवी विकली. पुढच्या जत्रेपासून मामंजी पार मागे उभे राहायचे, पोरांच्या मागे. मी त्यांना रोज भाकरी वाढायचे. रोज म्हणजे रोज. एकदाही तोंड उघडलं नाही.

हेच सांगायचं होतं असं तुम्हाला वाटत असेल. नाही — अजून आहे.

काही वर्षांनी मामंजींचे पाय गेले. ते दिवसभर अंगणात उन्हाला बसायचे, बरोबर तिथं, जिथं ती राखेची रेघ होती. मी शेजारी तांदूळ निवडत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पोरी, केवढा व्हता गं?"

रागाने विचारलं नाही. जत्रेत लहान पोर बापाला विचारतं तसं विचारलं. तेव्हा मला कळलं की ते खडे कोंबड्यांनी उकरले नव्हते, मामंजींनी उचलले होते.

मी सूप हलवलं. मी म्हणाले, "काय केवढा, मामंजी?"

"काय न्हाई," ते म्हणाले, आणि तोंड उन्हाकडे फिरवलं. पुन्हा विचारलं नाही. भाताची लावणी व्हायच्या आत गेले.

केवढा होता ते मला पक्कं ठाऊक होतं. साहेबाने त्याला खांद्यावर टाकला, तरी त्याची शेपटी वाळूवर घासत गेली होती. तेवढंच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं.