पुस्तिकेतला उभा फोटो

आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेतले फोटो त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर होणार होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या आप्पांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला होता. फोटो तपासायचं काम मेळाव्याच्या समितीने माझ्याकडे दिलं. मी कचेरीत हिशेब तपासायचो, त्यामुळे माझ्या नजरेतून चूक सुटत नाही असा लोकांचा समज होता.

माझा धाकटा भाऊ पारोळ्याजवळ गावी शेती करायचा. आदल्या वर्षी त्याच्या माहितीखाली भलत्याच मुलाचा चेहरा छापला गेला होता. एका स्थळाला तो चेहरा पसंत पडला. ते घरी आले, भावाला पाहून गोंधळले, चहा पिऊन निघून गेले. वर्ष फुकट गेलं. भावाची तिशी उलटली होती. म्हणून यंदा तो कापसाची वेचणी टाकून स्वतःच आला. म्हणाला, "आवंदा मना फोटू मी सोता देखसू."

आप्पांनी पद्धत समजावून सांगितली. एका फोटोवर काम करून दाखवायचं. कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो आणि बाकीच्या सगळ्या फोटोंवर तेच करत जातो. त्यांनी गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा, एका मुलीचा फोटो घेतला, वरचा चेहऱ्याचा भाग ठेवला, खालचा कापला, उरलेला मोठा केला. छान आलं. मग सगळ्यांवर हुकूम सोडून आम्ही चहाला गेलो.

परत येऊन पाहतो तर मुली व्यवस्थित, आणि मुलांचे नुसते केस आणि कपाळं. एकाची तर फक्त टोपी आली होती.

"व्होल्टेज कमी असेल," आप्पा म्हणाले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा हुकूम सोडला. पुन्हा कपाळं.

"आप्पा, याले पोऱ्यास्ना राग शे का?" भावाने विचारलं.

आणखी चमत्कारिक गोष्ट म्हणजे, सगळ्या मुलांमध्ये माझ्या भावाचा एकट्याचाच चेहरा आला होता. मी घाबरलो. हे समितीपुढे गेलं असतं, तर तपासणाऱ्याने आपल्या भावाचं तेवढं साधून घेतलं असंच लोक म्हणाले असते. आणि असं का झालं, हे मला सांगता आलं नसतं.

शेवटी मी मूळ फोटो टेबलावर मांडले आणि फूटपट्टी घेऊन बसलो. मुलींचे सगळे उभे फोटो, डोक्यापासून पायापर्यंत. उंची दिसावी म्हणून आमच्याकडे तसेच काढतात. मुलांचे मात्र नोकरीच्या अर्जासाठी काढलेले पासपोर्ट फोटो. उभ्या फोटोत वरच्या चौथ्या हिश्शात अख्खा चेहरा मावतो. पासपोर्टमध्ये तेवढ्यात कपाळ संपतं. कॉम्प्युटरने सगळ्यांना एकच माप लावलं होतं.

मग आम्ही मुलं आणि मुली वेगळ्या केल्या. मुलांचे फोटो न कापता फक्त सारख्या उंचीचे करायचे ठरलं. या खेपेला सगळी मुलं नीट आली आणि एकटा माझा भाऊ बिघडला. पासपोर्ट चेहऱ्यांच्या रांगेत तो पायांसकट उभा होता, चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. त्याने कधी नोकरीचा अर्ज केलाच नव्हता, मग पासपोर्ट फोटो कुठून असणार? पोळ्याला गावात आलेल्या फोटोवाल्याने सजवलेल्या बैलजोडीबरोबर काढलेला फोटो त्याने दिला होता.

"एवढंच ना? पहिल्या वेळचा चेहरा लावून देतो," आप्पा म्हणाले आणि तो पडद्यावर आणला. लांबून काढलेल्या फोटोतला चेहरा मोठा केल्यावर पार पुसट झाला होता. डोळे कुठले आणि मिशी कुठली, कळत नव्हतं.

भाऊ पडद्याजवळ वाकला. "हाऊ मी नही शे, दादा."

"अरे, तूच आहेस!"

"गया साल बी तुम्ही लोके असंच म्हणनात." मग त्याने बैलांमधल्या त्या छोट्या माणसावर बोट ठेवलं. "हाऊ मी शे. हाऊच राहू द्या."

मी म्हणालो, रांग बिघडते, लोक हसतील. तो ऐकेना. फोटोंची सीडी जळगावच्या छापखान्यात न्यायची होती आणि बस सुटायला आली होती. मी यादीत त्याच्या नावासमोर 'तपासले' म्हणून सही केली, पण मन काही मानत नव्हतं.

मेळावा जळगावलाच झाला. पहूरकडचे एक गृहस्थ कुणालाही न विचारता भावासमोर येऊन उभे राहिले. त्याला खालून वर न्याहाळलं आणि शेजारी बसले. त्यांच्याच मुलीशी पुढे त्याचं लग्न झालं.

लग्नाच्या पंगतीत मी त्यांना विचारलं, एवढ्या मुलांत हाच कसा निवडला?

"तुम्ही मुद्दामच एकट्याचा उभा छापला होता ना?" ते म्हणाले. "आमची पोरगी उंच आहे हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मठ्ठा वाढणारा आला, त्याला मी वाटी पुढे केली.