सुतकातली सही

आम्ही नवरा-बायकोनं संगं केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं. ओसरीवर ऊन होतं. बायको, मी आणि आमच्याकडे राहणारी ब्रह्मदेशातली बाई. मी सोलायचो कमी, खायचो जास्त.

"अजी, दाणे गंजात टाका ना, पोटात काहून टाकून राहिले?" बायको पातेलं पुढं सरकवत म्हणाली. बाई हसली.

ही बाई दोन वर्षांपासून मागच्या खोलीत होती. तिकडे मास्तरीण होती. फौजेनं राज्य घेतलं तेव्हा फौजेच्या हुकमानं शिकवणार नाही म्हणाली. तिच्या नवऱ्याला घरातून उचलून नेलं, तो दिसलाच नाही. मग जंगलातून चालत ती इकडे आली. पवनीच्या विहारातले भन्ते तिला घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी साफ नाही म्हणालो होतो. पोलिसांची भानगड कोणाला पाहिजे? बायको म्हणाली, "घर माह्या नावानं आहे." खरंच होतं. माझ्या सासऱ्यानं लेकीच्या नावानं करून दिलं होतं. मी दारातून बाजूला झालो.

बाईजवळ दिल्लीहून मिळालेला कागद होता. ही जीव वाचवून आली आहे, हिला परत धाडू नका, असं त्यात लिहिलेलं. पण तेवढ्यानं भागत नसे. ठरल्या तारखेला भंडाऱ्याच्या कचेरीत जायचं आणि घरमालकानं सही करून सांगायचं, की ही माझ्याकडेच राहते. तारीख चुकली की ती बेपत्ता. मग पोलीस पकडून सीमेपलीकडे धाडायला मोकळे. तिथं काय होतं, ते तिच्या नवऱ्यावरून समजून घ्या.

"परवा तिची तारीख आहे," बायको शेंगा निवडत म्हणाली. "माहे घुटने दुखले त तुमी जाजा."

"मी सही करू?"

"नोको बाप्पा. तुमचं नाव लिवून होईस्तोवर एक बांधी धान रोवून होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको न्हाणीजवळ पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती. संध्याकाळी वैनगंगेच्या काठी सगळं आटोपलं.

घरी माणसं बसली होती. बाई दाराजवळ, कागदाची पिशवी मांडीवर. तारखेचा एक शब्द तिनं काढला नाही. मीच मोठ्या भावाला म्हणालो, "सकाळी हिच्यासंगं भंडाऱ्याले जातो."

"सुतकात? डोकं फिरलं का तुहं? दहावं होऊ दे, मंग जा."

"दहाव्यापर्यंत कचेरी थांबन का?"

"सुतकाच्या हातानं लोकाईच्या कागदाले शिवते का कोणी?" वहिनी म्हणाली. "अन् ते कोण लागते तुमची?"

"भाडेकरू," मी म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही.

बाई उठून जवळ आली. "बाबा, मी एकटी जाते."

"अन् घरमालक कोठून आणशीन?" मी म्हणालो.

भाऊ रागानं उठून गेला. मी जाऊ दिलं.

सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. सुतक म्हणून मी अनवाणीच. कचेरीतल्या साहेबानं मागचं पान काढलं. त्यावर बायकोची सही होती, मोठ्या अक्षरात.

"मालकीण कुठं आहे?"

"मेली. काल."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. "मग आज कशाला आलात, आजोबा?"

"तारीख आज आहे."

त्यानं पान माझ्याकडे फिरवलं. मग म्हणाला, मृत्यूचा दाखला नंतर आणून द्या, आज नवरा म्हणून तुम्ही सही करा. मी पेन घेतला. कागद सरकत होता, बाईनं त्याचा कोपरा दाबून धरला. मागे लाईन खोळंबली. कोणीतरी खाकरलं. मी पुरतं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

साहेबानं शिक्का मारला. पुढची तारीख बायको लक्षात ठेवायची. मी ती दोनदा विचारून घेतली.