नवाबासाठी मोडलेली संकष्टी

अक्का गेल्याची बातमी मला माझ्या मुलीनं दिली, तीही पुण्याहून. मी देवगाव रंगारीला भावाकडं गेले होते. सकाळी ओट्यावर चहा घेत बसले होते, तेवढ्यात सायलीचा फोन आला. पलीकडून आधी नुसतं रडणं, मग "आई, मोठी आई गेली गं..." रात्री नीट जेवून झोपल्या आणि पहाटे झोपेतच गेल्या म्हणे. हर्सूलच्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर अक्का आणि माझे थोरले दीर राहायचे, वरच्या मजल्यावर आम्ही. घरात दोन बाप्ये माणसं होती, पण धाकट्या जावेला आधी कळवावं असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहिला फोन सायलीला, कारण ती अक्कांची लाडकी. खरं तेच सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. आधी मनात आलं, जाता जाताही हिनं माझ्या लेकीचं पहिलं रडणं स्वतःकडं घेतलं. वाचणाऱ्याला हे वाईट दिसेल. दिसू दे. एका जिन्याच्या वर आणि खाली ज्या जावांनी जन्म काढलाय, त्या मला नावं ठेवणार नाहीत.

अक्का औरंगपुऱ्यातल्या. पोलीस ॲक्शननंतर चार-दोन वर्षांनी जन्मलेल्या. वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांशी उर्दूत बोलून बोलून त्यांची मराठीही अदबशीर झाली होती. ती अदब अक्कांमध्ये पुरेपूर उतरली होती. मुलींच्या शाळेत त्यांनी नोकरी केली, आवाज कधी चढवला नाही. सगळ्यांना त्या आवडायच्या, हेच माझं दुखणं. सासूबाईंचं शेवटचं आजारपण मी काढलं, पण पाणी मागताना सासूबाईंच्या तोंडी नाव यायचं अक्कांचं. सायली माझ्या पोटची, पण शाळेतून आली की दप्तर खालीच टाकायची. "मोठी आईकडं जेवले" असं वर येऊन सांगायची, आणि मी झाकून ठेवलेलं ताट उचलून ठेवायचे. भांडावं तर भांडणाला जागा नाही. अक्का कधी वावगं बोलल्याच नाहीत. वावगं बोलणारी जाऊ मी हसत हसत सोसली असती.

एक गोष्ट मात्र माझी होती. जनावरं. मी शेतकऱ्याच्या घरातली. शेळ्या, म्हशी, आडलेली गाय, सगळं बघत वाढलेली. अक्कांना पाल दिसली तरी त्या खुर्चीवर चढायच्या. तेवढं एक राज्य माझं, असं मी धरून होते. आणि त्यांचं राज्य म्हणजे संकष्टी. महिन्यातला तो एक उपवास त्यांनी कधी सोडला नाही. साबुदाणा नाही, फळ नाही, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. सायलीचं बारसं नेमकं संकष्टीला आलं. माझ्या माहेरची माणसं पुरणावरणाचा सगळा थाट करून आली होती. माझे वडील, डोक्याचा पटका सावरत, हात जोडून म्हणाले, "पोरीच्या नावानं एक घास तरी घ्या, बाई." अक्का गोड हसल्या. "चंद्र उगवू द्या, आण्णा. मग दोन घास जास्त घेईन." घेतलेही. पण माझ्या वडिलांचे ते जोडलेले हात मला पुढं कित्येक वर्षं दिसत राहिले.

सायलीनं नोकरी लागल्यावर ससा आणला. पांढरा, एक कान राखाडी, चालणं ऐटीचं. म्हणून नाव नवाब. पुण्याला बदली झाली तेव्हा तिथल्या घरमालकानं सशाला नाही म्हटलं आणि नवाब माझ्याकडं आला. मला आनंद झाला हे कशाला लपवू? लेक गेली, पण लेकीचं काहीतरी पहिल्यांदाच खाली न जाता वर राहिलं. पुढं नवाब वयात आला आणि घरभर मुतायला लागला. माझ्या पायाभोवती गोल गोल फिरायचा, मधेच घोट्याला चावायचा. आमच्या गावात गोऱ्हा बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, तर कुणी विचारत बसत नाही, पण सशाचं काम नाजूक. औरंगपुऱ्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं. त्या दिवशी आमच्या ह्यांना वेळ नव्हता, म्हणून अक्का माझ्यासोबत आल्या. "मी हात लावणार नाय हं विमल त्याला," रिक्षात बसतानाच म्हणाल्या, "नुसती सोबत."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं औषध दिलं, बिनसुईची सिरिंज दिली, पातळ कालवून भरवायची भुकटी दिली आणि बजावलं, "टाक्यांची काळजी नाही. काळजी पोटाची. सशाला उपवास चालत नाही. खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की ससा हातचा जातो. लेंड्या पडतायत का बघत राहा." परत येताना टोपली माझ्या मांडीवर, डोळे माझे भरलेले. आणि रिक्षावाला मागं वळून बोलला कुणाशी, तर अक्कांशी. "फिकर नक्को करो अम्मा, अच्छा हो जाता." मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर नवाब कोपऱ्यात पाठीचं पोक काढून बसला. दात करकर वाजवायचा. मी ओळखलं, दुखतंय. औषध दिलं. मग कोथिंबीर ठेवली, मेथी ठेवली, गाजराचा पाला ठेवला. ह्यांनी हर्सूल तलावाच्या काठावरून कोवळं गवत आणलं. त्यानं वासही घेतला नाही. मग मी त्याला टॉवेलात गुंडाळलं, वासराला औषध पाजताना धरतात तसं घट्ट धरलं आणि सिरिंज गालात घातली. निम्मं पोटात गेलं, निम्मं माझ्या पदरावर. मी काही चुकीचं करत नव्हते. डॉक्टरीणबाईंनीही फोनवर तेच सांगितलं, "भरवत राहा, पण त्याला स्वतः खावंसं वाटलं पाहिजे." आणि ते काही त्याला वाटेना. माझी चाहूल लागली की तो कपाटामागं सरकायचा. लेंड्या आधी बारीक झाल्या, मग बंदच. सायलीचा व्हिडिओ कॉल यायचा, "खाल्लं का गं त्यानं?" मी नाही म्हणायचे. मग ती म्हणायची, "मोठी आईला दे ना जरा फोन." त्या वेळी तो फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा.

आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संकष्टी आली. अक्कांच्या खालच्या पायरीजवळ एक जुनं लोखंडी घमेलं होतं. बुडाला भोकं पडलेलं, माती भरलेलं, त्यात दूर्वा. त्यांच्या गणपतीला बाजारातल्या दूर्वा चालत नसत. सकाळी डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, पण आशा फार धरू नका. ते ऐकून अक्का दुपारी दूर्वांची परडी घेऊन वर आल्या. का, तर "तू एकटी बसलीयस म्हणून". माझ्यापासून लांब, सशापासून त्याहून लांब, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि दूर्वा निवडायला लागल्या. तीन पात्यांचा शेंडा बाजूला, बाकीचं परडीत. मी नवाबाकडं बघत होते. अक्का खाली मान घालून म्हणाल्या, "तू त्याच्याकडं लई बघतेस गं. एवढं कुणी बघत बसलं तर माणसाला तरी घास उतरतो का?"

माझ्या तोंडात फाडकन उत्तर आलं होतं. जनावरांतलं मला शिकवू नका... पण तेवढ्यात कपाटामागून राखाडी कान दिसला. नवाब बाहेर आला, थांबला, नाक हलवत अक्कांच्या परडीकडं निघाला. अक्का भीतीनं ताठ झाल्या. हातातली काडी तशीच राहिली. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. निघालाच होता तो परत. आणि मग अक्कांनी ते केलं, जे मी त्यांना उभ्या जन्मात कधी करताना पाहिलं नव्हतं. गणपतीसाठी निवडलेली दूर्वा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातली आणि कुरकुर आवाज करत चावली. संकष्टीला. भर दुपारी. मी म्हणाले, "अक्का, उपवास!" त्या चावत चावतच म्हणाल्या, "मोडला. त्याला उपास चालत नाय म्हणतात ना डॉक्टरीण? एकट्यानं कोण जेवतं? समोर कुणी खाल्लं तर चव येते." अन् दुसरी काडी ओठांत धरून त्या वाकल्या. त्यांचे डोळे गच्च मिटलेले. नवाबानं दुसऱ्या टोकाला तोंड लावलं. ओढलं. एक काडी गेली, मग दुसरी, मग परडीतच तोंड. "विमल," अक्का डोळे न उघडता कुजबुजल्या, "खातोय का गं?"

खात होता. मला रडू फुटलं, कारण तो जगणार होता. पण त्याच रडण्यात हेही होतं, की माझ्या हातून का नाही? मी धुतलं, पुसलं, भरवलं, आणि हिनं डोळे मिटून नुसती काडी पुढं केली! शिवाय आतून वडिलांचे जोडलेले हात वर आले. माझ्या लेकीच्या बारशाला न मोडलेला उपवास एका सशासाठी मोडला. अक्कांनी त्याच्याबरोबर पंगत धरावी तशी माझ्याकडून भाकरी मागून घेतली आणि जमिनीवर बसून खाल्ली. सूर्य मावळायच्या आत लेंड्या पडल्या. मी सायलीला फोन केला, तर ती किंचाळली, "मोठी आईनं वाचवलं!" मी म्हणाले, "व्हय." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून नवाब त्यांचा झाला. राहायचा माझ्याकडं, पण दुपार कलली की एकेक पायरी उतरून खाली जायचा. अक्कांना आता त्याची भीती नव्हती. मी जिन्यातून गाजर दाखवून हाका मारायचे, तो मान वळवून बघायचा आणि त्यांच्या चटईवर पसरायचा. अक्का हसायच्या. "जा रे, आई बोलावतीये." त्यांनी आई म्हटलं तरी मला ते टोचायचंच. एकदा मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझं काहीतरी माझ्याकडं राहू द्या की!" त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुझ्याकडं सगळं आहे म्हणून तू मोजत नाहीस. मला तर कुणी 'आई' एवढंच म्हटलं नाय गं. मोठी आईच म्हटलं." त्यांना मूल नव्हतं. मला ते ठाऊक होतंच की... पण मत्सर करणाऱ्याला समोरच्याची रिकामी जागा दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणून मत्सर गेला, असं मात्र झालं नाही.

अक्का गेल्यावर चौदावा झाला, पाहुणे पांगले. नवाब रोज दुपारी खाली जाऊन अक्कांच्या बंद दारापाशी बसायचा. खायचा, पण नावापुरतं. गेल्या आठवड्यात संकष्टी आली. थोरले दीर गणपतीपुढं नुसतेच बसून होते, दूर्वा कुठून खुडायच्या तेही त्यांना सुधरेना. मी घमेल्यातल्या दूर्वा खुडल्या. त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी उपवास धरला होता. कुणासाठी ते विचारू नका. पायरीवर बसून निवडत होते तर नवाब दारापासून उठला. परडीचा वास घेतला, तोंड फिरवलं. मी त्याच्याकडं बघायचं सोडलं. एक काडी तोंडात घातली आणि कुरकुर चावली. कडवट-तुरट लागते दूर्वा, हे मला ठाऊक नव्हतं. दुसरी ओठांत धरून वाकले आणि डोळे मिटले. गालाला मिशा लागल्या. मग काडी ओढली गेली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या तोंडचा घास खात होता. मी डोळे उघडायच्या आत बंद दाराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "अक्का, बघा! माझ्याजवळ खातोय!"

आतून थोरले दीर बाहेर आले. नवाब खातच होता. मी परडी तिथंच ठेवली आणि गणपतीसाठी दुसरी मूठ खुडायला घमेल्याकडं वळले.