भट्टीवरचं मीठ

एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात मी भट्टीवर होतो. घामानं अंगातलं मीठ जातं, म्हणून तिथं पाण्याच्या पिंपात मूठभर मीठ टाकायची रीत होती. नव्या गड्याला आधी ते पाणी पाजायचं, मग काम दाखवायचं. घरी बायकोनंही तेच धरलं. भाजीत मिठाचा हात सैल, वर ठेचा, वर पापड. माझं बीपी निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, गोळी रोज घ्या. मी मनात म्हटलं, साहेब, एकदा भट्टीसमोर उभं राहून बघा. डोकं दुखलं की गोळी, नाहीतर नाही. न दुखता आतून पोखरणारा आजार असतो, हे कुणाच्या ध्यानात येतं!

दम लागायला लागला तोवर दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हातात सुया खुपसून पलंगावर पडून राहायचं, दावणीला बांधल्यासारखं. पाणी प्यायचं तेही मोजून. कुठं मुक्कामाला जाता येत नाही. भयंकर चीड येते, आणि ती कुणावर काढावी तेच कळत नाही.

एक दिवस बायको म्हणाली, "माझी एक घ्या. दोन-दोन ठिवून मी काय करू?"

"येडी झाली का तू?" मी ओरडलो. पण खरं सांगतो, आतून हरखलो. रक्तगट जुळला, तसं मी मनातल्या मनात तांब्याभर पाणी घटाघटा पिऊनही टाकलं.

मग तिचं बीपी मोजलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी बोलावून परत मोजलं. लघवीचा रिपोर्टही बरा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "यांची घेता येणार नाही. यांच्याच किडन्यांना झळ पोचलीय. पाय सुजले तर लगेच घेऊन या."

बाहेर येऊन ती भिंतीला टेकली. "भट्टीवर तुमी होते," ती म्हणाली. "मी कवा गेल्ते?"

घरात भाजीचं पातेलं एकच होतं.

आता ती रोज गोळी घेते, आणि डायलिसिसला माझ्यासोबत येतेच. काचेच्या दाराबाहेर बाकड्यावर बसते. मी पलंगावरून तिच्या पायांकडं बघत राहतो. आज सुजल्यासारखे वाटतात. पण इथून नीट दिसत नाही, आणि सुया निघेपर्यंत मला उठता येत नाही.