भुतासाठी सोडलेली जागा

"आज भूत चिडलंय. ईशाला नीट बोलायला सांगा, नाहीतर गोदी तिच्याशी अबोला धरेल."

कुंदाताईंचा हा शेवटचा निरोप आला तेव्हा मी मार्केट यार्डात होते. रविवारची सकाळ, खांद्यावर पिशवी, समोर कोथिंबिरीचा ढीग आणि मागून हमालांचं 'बाजू, बाजू'. मी हसतच उत्तर लिहायला घेतलं, 'ईशा माफी मागायला तयार आहे, पण...' तेवढ्यात त्यांच्याच नंबरवरून फोन आला. वाटलं, ताईंना धीर धरवला नसणार. पण बोलत होत्या त्यांच्या वहिनी. "मृदुलाताई, आमच्या ताई गेल्या वो. च्या घेऊन खुर्चीत बसल्या हुत्या, फोनवर कायतरी लिवत. मी कप उचलाया गेले तर... तुम्ही येताय न्हवं?" मला एवढंच आठवतंय की कोथिंबीरवाली दोनदा "घेताय का?" म्हणाली आणि मग काय समजायचं ते समजून गप्प झाली. त्याला आता दोन महिने होत आले.

ज्यांनी आमची पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ईशा ही कॉलेजात जाणारी मुलगी, आईवडिलांबरोबर नागपूरहून हडपसरला आलेली, नवव्या मजल्यावर राहणारी. गोदी तिच्याच वयाची, पण भूत. त्या इमारतीच्या जागी पूर्वी पेरूची बाग होती, बागेत विहीर होती आणि त्या विहिरीत पडून गोदी गेली. पुढे बाग तोडली, विहीर बुजवली, वर बारा मजले चढले. गोदी मात्र तळघरातल्या पार्किंगमध्ये राहिली. या दोघींच्या मैत्रीवर आम्ही 'पार्किंगमधली गोदी' ही कादंबरी लिहिली, मग तिचा दुसरा भाग लिहिला आणि तिसरा शेवटच्या प्रकरणापर्यंत आणून ठेवला. 'आम्ही' म्हणजे अक्षरशः दोघी. माणसं मी लिहायची आणि भूत कुंदाताई.

आमची ओळखही भुतांनीच करून दिली. मी मूळची वाशिमची. नोकरीसाठी हडपसरला आले, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी गावठाणातल्या छोट्या वाचनालयात जाऊन कुमारवयीन मुलांच्या भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचायच्या, हा माझा दिनक्रम. तिशी उलटली होती, त्यामुळे हे सगळं जरा चोरूनच चालायचं. एकदा त्या कपाटाशी एकाच पुस्तकावर दोन हात पडले. दुसऱ्या हाताला खडूची पूड लागलेली होती. "भाचीसाठी हवंय," मी घाईघाईनं म्हणाले. "माझ्या विद्यार्थिनींसाठी," त्या म्हणाल्या. मला भाची नव्हती, आणि त्यांच्या विद्यार्थिनींना त्या पुस्तकाचा वाराही लागणार नव्हता. पुस्तक त्यांनी नेलं. परत करायला आल्या तेव्हा मी नेमकी तिथेच होते. म्हणाल्या, "अहो, आपल्या भाचीला सांगा, शेवटी तो पोरगा लांडगा होतो ते काही पटत नाही. कपडे कुठे जातात त्याचे?" मी तावातावानं त्या लांडग्याची बाजू घेतली. भाचीचं नाव घ्यायचंही भान राहिलं नाही. आवाज इतके चढले की ग्रंथपालांनी दोघींना दार दाखवलं. उरलेलं भांडण आम्ही समोरच्या रसवंतीत उभ्या उभ्या पूर्ण केलं, आणि निघताना पुढच्या आठवड्याचं भांडणही ठरवून टाकलं!

कुंदाताई शाळेत विज्ञान शिकवायच्या, भाऊ-वहिनींबरोबर राहायच्या आणि भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण वाचायच्या मात्र अधाशासारख्या. रक्त पिणारे देखणे तरुण, आरशातल्या मुली, शापित वसतिगृहं... काही म्हणता काही सोडायच्या नाहीत. आणि वाचता वाचता असे काही शेरे मारायच्या की हसून पोट दुखावं. "दोनशे वर्षांचा आहे आणि अजून अकरावीत? दरवर्षी नापास होतो का?" किंवा, "ही बाई भूत होऊन भिंतीतून जाते, मग जमिनीतून खाली का पडत नाही?" मी एकदा म्हटलं, एवढ्या चुका काढता तर वाचता कशाला? तेव्हा मात्र त्या थट्टा सोडून बोलल्या. "सोळाव्या वर्षी आपल्याला सगळं दिसत असतं आणि घरातल्या कुणालाही आपण दिसत नसतो. ही पुस्तकं तेवढं एक बरोबर सांगतात." मग लगेच, "पण मराठीत आमच्या पोरींसाठी असं एकही पुस्तक नाही मिळत मला. आपण लिहू या का?" हे असं, उसाच्या रसाचा पेला हातात धरून. मी हो म्हटलं तेव्हा काय लिहायचं, कसं लिहायचं, कशाचाही पत्ता नव्हता.

पत्ता त्यांना होता. पेरूची बाग त्यांच्याच घरची होती, ती विकली गेली होती, आणि त्या जागेवरच्या इमारतीत माझं ऑफिस होतं! गोदी कोण, हे मी त्यांना एकदाच विचारलं. "भूत आहे," एवढंच म्हणाल्या, "पुढचं प्रकरण कधी देताय?" त्यानंतर विचारायची माझी छाती झाली नाही. पण गोदीचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. नियम नसलेलं भूत म्हणजे नुसता गोंधळ, आणि गोंधळ घालायला माणसं पुरेशी आहेत, हे त्यांचं म्हणणं. गोदी जिवंतपणी पेरूच्या झाडापेक्षा उंच चढली नव्हती, म्हणून तिला त्याहून वर जाता येत नाही. बोलायचं असेल तर ईशानंच खाली पार्किंगमध्ये यायचं. मी म्हटलं, गोदी लिफ्टनं वर येईल की. "तिनं लिफ्ट पाहिलीय का कधी?" संपलं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की गोदीचा आवाज फक्त अठराच्या आतल्यांनाच ऐकू येतो. "मतदानाचा हक्क मिळाला की भुताचा गेला," कुंदाताई म्हणायच्या.

लिहायची आमची पद्धत मात्र आपोआप पडत गेली. मी माणसांचं बोलणं लिहायचे आणि जिथे गोदी बोलणार तिथे जागा मोकळी सोडायचे. ते कागद त्यांच्याकडे जायचे आणि शाळेतल्याच लाल पेननं भरून परत यायचे. गोदी काय बोलणार हे मी आधी विचारायचं नाही, ईशा काय करणार हे त्यांनी विचारायचं नाही, असा ठरावच होता. त्यामुळे कागद परत आले की मी जिन्यातच वाचायला लागायचे. एकदा ईशा पार्किंगमध्ये येऊन सबंध पानभर रडते, असं मी अगदी जीव ओतून लिहिलं होतं. खाली गोदीचं लाल उत्तर, 'झालं? आता नाक पूस. इथे सीसीटीव्ही आहे.' मी जिन्यात एकटीच मोठ्यानं हसले.

प्रत्येक प्रकरण छापायला जाण्याआधी शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मुलांना वाचून दाखवायचं. गावठाणातली पोरं यायची, सोसायट्यांमधली यायची, वाघोलीहून दोघीतिघी मैत्रिणी बस बदलून यायच्या. मी पुढे उभी राहून माणसं वाचायची, आणि कुंदाताई सगळ्यांच्या मागे, स्विचबोर्डाशेजारच्या खुर्चीत बसून गोदी वाचायच्या. मागून अचानक तो कोरडा आवाज आला की पोरांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा, आणि मला तर त्या समोर दिसत असायच्या! मुलं मान वळवून बघायला लागली की त्या गोदीच्याच आवाजात दटावायच्या, "मागे बघू नका. भूत मागे आहे, ते कुठे जात नाही. पुढे बघा." अख्खा हॉल किंचाळून हसायचा.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी घोटाळा झाला तो जागा मोकळ्या सोडायच्या पद्धतीमुळेच. घाईत मुलांना वाचून दाखवायचं राहिलेल्या एका प्रकरणाची लाल पेननं भरलेली प्रत ताईंच्या कपाटात राहिली आणि मोकळ्या जागांची प्रत त्यांनी स्वतः प्रकाशकांच्या हातात नेऊन दिली. पुस्तक छापून आलं तर त्या प्रकरणात ईशा एकटीच बोलतेय आणि गोदीच्या जागी नुसत्या कोऱ्या ओळी! कुंदाताई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग शनिवार आला. मुलं आपापली पुस्तकं घेऊन आली आणि बघतो तर काय, प्रत्येकानं त्या ओळी पेन्सिलनं भरलेल्या. आम्ही मुद्दाम सोडल्यात, असंच त्यांना वाटलं होतं. ताई एकेक पुस्तक हातात घेऊन वाचत गेल्या. एकाच्या गोदीला क्रिकेटचं वेड होतं, एकीची गोदी शुद्ध शिवराळ होती. शेवटचं पुस्तक मिटून त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते. "अहो मृदुला, हिला सगळ्यांनी ओळखलं हो," म्हणाल्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिला नाही.

तिसऱ्या भागात ईशा अठरा वर्षांची होणार होती. शेवटच्या प्रकरणात तिचा वाढदिवस येतो, आणि या दोघींचं आता काय होणार, यावर पोरांच्या पैजा लागलेल्या. माझं म्हणणं, गोदीला मुक्ती द्यावी. ताई फिस्कारल्याच, "मुक्ती कशाला? तिनं काय गुन्हा केलाय?" मग मी आपली नेहमीप्रमाणे ईशाचं बोलणं लिहिलं, जागा सोडल्या आणि कागद पाठवून दिले. ते त्यांच्या खुर्चीशेजारी सापडले. वहिनींनी दहाव्या दिवशी माझ्या हातात दिले. "यातलं मला काय बी कळत न्हाई. पर लाल पेन बी जवळच हाय ठेवल्यालं, त्ये बी घेऊन जा." सगळ्या जागा कोऱ्या होत्या. गोदी चिडली होती, पण काय म्हणाली असती ते ताईंबरोबरच गेलं.

हातपाय गाळून चालणार नव्हतं. पोरं वाट बघत होती. मी तेच लाल पेन घेतलं आणि गोदी लिहिली. खूप मनापासून लिहिली, चार वेळा खोडून लिहिली, आणि शनिवारी दोन्ही आवाजांत स्वतःच वाचली. वाचून संपलं. वाघोलीची स्वरा उभी राहिली. पहिल्या पुस्तकापासूनची आमची वाचक, आता बारावीत. "ताई, सॉरी, पण ही गोदी नाहीये. ही खूपच स्वीट बोलतेय. लाइक, सगळं समजावून वगैरे. हे तुम्हीच आहात." मी "बरोबर आहे" म्हणाले, हसलेसुद्धा. घरी येऊन मात्र ढसाढसा रडले. ताई गेल्या हे मला खऱ्या अर्थानं त्या दिवशी कळलं. माणूस गेलं हे स्मशानात कळतं, असं म्हणतात. मला ते बारावीतल्या पोरीनं सांगितलं.

पुढचे काही दिवस मी ते कागद समोर घेऊन नुसती बसत होते. खाडाखोड झालेल्या प्रती बाजूला सारल्या आणि वहिनींनी दिलेली मूळ प्रत काढली, कोरी. पहिलंच वाक्य ईशाचं होतं, मीच लिहिलेलं, 'गोदी, आज मला अठरा पूर्ण झाली.' ...आणि मी खुर्चीतून उठलेच! ईशाला आता गोदी ऐकू येणारच नव्हती. नियम ताईंचाच होता. गोदी बोलणार, चिडणार, टोमणे मारणार, पण पानावर ते उमटणार नाही. या प्रकरणात भरायचं असं काही नव्हतंच. मी लाल पेनला टोपण लावलं आणि प्रकाशकांना फोन करून सांगितलं, "शेवटच्या प्रकरणात कोऱ्या ओळी येतील. या वेळी चूक नाही."

गेल्या शनिवारी ते वाचलं. हॉल गच्च भरला होता, खिडक्यांतसुद्धा पोरं बसली होती, फक्त स्विचबोर्डाशेजारच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. मी वाचायला लागले. "गोदी, आज मला अठरा पूर्ण झाली." पुढे कोरी ओळ. मी थांबले, ताईंना जेवढा वेळ लागायचा तेवढा. पंखा फिरत होता. "आहेस ना? मला काहीच ऐकू येत नाहीये." पुन्हा थांबले. मग पुढे वाचत राहिले. "बरं, मी तुझ्यासाठी केक आणलाय. पेरूच्या फ्लेवरचा मिळाला नाही." कोरी ओळ आली, मी थांबले... आणि सगळा हॉल खदखदून हसला! कुणी काही बोललं नव्हतं. मी एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पोरं एकमेकांना टाळ्या देत होती.

"काय म्हणाली ती?" मी न राहवून विचारलं.

"तुम्हाला कसं सांगणार?" स्वरा म्हणाली. "तुम्ही अठराच्या पुढच्या."

माझी नजर नकळत त्यांच्या डोक्यांवरून त्या खुर्चीकडे गेली आणि तिथेच राहिली. पोरांनी ते बघितलं असावं. पण एकानंही मान वळवली नाही.

"ताई, मागे बघू नका," स्वरा म्हणाली. "भूत मागे आहे, ते कुठे जात नाही. पुढे वाचा."

मी पुढे वाचलं.