सगळ्यांना 'सामा'

मी आमच्या साहेबांच्या नावापुढे 'सामा' लावलं, तेही गिऱ्हाइकाच्या ऑफिसात, भिंतीएवढ्या पडद्यावर. माझ्या स्वतःच्या नावापुढेही लावलं.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतरचा पहिला उन्हाळा. वीज वाचवायची म्हणून तोक्योतल्या आमच्या ऑफिसातले निम्मे दिवे बंद, एसी नावापुरता, आणि मी घामाने निथळत भलताच खुशीत. एका जपानी कंपनीची वेबसाइट करायची होती. माहिती बदलली की पानं आपोआप बदलायला हवीत. त्यासाठी पानाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, कुठल्या साधनात लिहायचा ते मी ठरवायचं. गिऱ्हाइकाला नमुना पसंत पडला तर साधन तेच आणि कामाचा प्रमुख मी, असं साहेबांनी सांगून ठेवलेलं.

तीन साधनं पाहिली. एकात साच्यातच अख्खा प्रोग्रॅम कोंबता यायचा, आणि लोक कोंबायचेही; वाचताना लग्नाच्या हॉलबाहेर आपल्या चपला शोधल्यासारखं व्हायचं. दुसरं फार संथ. तिसरं मात्र, काय सांगू, साच्यात 'जर-तर' लिहूच देत नाही. नाव यायचं तिथे महिरपी कंस, बस्स. दोन दिवस मी ओजिमा भागातल्या आमच्या घरी बायकोलाही ते कंस दाखवत होतो. ती भाजी चिरत "छान आहेत" म्हणायची.

ऑफिसातल्या माझ्या जपानी सहकारी, वयाने मोठ्या बाई, त्यांनी विचारलं, "यात अट कुठे लिहायची?"

"कुठेच नाही. तीच तर मजा."

"मजा," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

नमुना म्हणून मी बैठकीचं पान केलं: दोन्हीकडच्या हजर माणसांची यादी. गिऱ्हाइकाला नावापुढचं नेहमीचं 'सान' पुरत नाही, त्याहून मानाचं 'सामा' लागतं, एवढं मला ठाऊक होतं. साच्यात एकदाच लिहिलं आणि धडाधड चौदा नावांना लागलं. मी खुर्चीत एक गिरकी घेतली. साहेबांनाही लागलेलं पाहून तर बरंच वाटलं. चारचौघांत साहेबांना नुसत्या नावाने कोण पुकारतं?

जपानात सगळेच. बाहेरच्यांपुढे आपल्या माणसाला मान द्यायचा नाही, मग तो मालक का असेना. हे मला गिऱ्हाइकाच्या ऑफिसात नमुना दाखवताना, त्यांच्याकडचे सहा जण एकदम टेबलाकडे बघू लागले तेव्हा आठवलं. पडद्यावर मी स्वतःलाच महाराज म्हणवून घेत होतो.

बाई उठल्या, कमरेत वाकल्या, माफी मागू लागल्या. मी तेवढ्यात लॅपटॉप ओढला आणि यादीचे दोन भाग केले. पाहुणे वेगळे, आम्ही वेगळे. 'सामा' फक्त पहिल्या भागाला. पाच मिनिटांत पान नवं झालं, आमची नावं उघडीबोडकी, आणि साच्यात एकही 'जर-तर' नाही. मला इतका आनंद झाला की माफी मागायची राहूनच गेली. अजून वाकलेल्या बाईंना मी म्हणालो, "बघा, अट लागलीच नाही."

मला लिफ्टपाशी थांबायला सांगण्यात आलं. अर्ध्या तासाने साहेब बाहेर आले.

"साहेब, साधनाचं काय ठरलं?"

"साधन ठेवतायत," साहेब लिफ्टचं बटण दाबत म्हणाले. "तुला नको म्हणाले."