वरच्या खोलीची पाटी

मी आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायचो. जे मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी सरळ उठून चहाला जायचो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

कराडला आमचं दुमजली घर. साल त्र्याण्णव की चौऱ्याण्णव, जून महिना. वरची खोली इंजिनिअरिंगच्या पोरांना द्यायची म्हणून रविवारी मी पत्र्याची पाटी रंगवून फाटकाला लावली — ‘खोली भाड्याने देणे आहे’. वडील असताना ती खोली कुसुमच्या माहेरपणाची म्हणून ठेवलेली. कुसुम म्हणजे माझी धाकटी बहीण, फलटणकडे दिलेली. पण मेहुण्याशी माझं वाजलं, आणि तेव्हापासून दोन वर्षं ना ती आली, ना मी गेलो.

मंगळवारी सकाळी फाटकावर पाटी नाही. शोधत वर गेलो, कुलूप काढलं, तर पाटी आत भिंतीला टेकवून ठेवलेली! किल्ली माझ्या करदोट्याला. बायकोवर उखडलो. मंगल म्हणाली, “आवं, झोपंत तरी सोडता का ती किल्ली? मी कवा काढू?”

पुन्हा लावली, या वेळी तार पक्कडीने पिळून. दुपारी परत गायब. तार मात्र फाटकाला तशीच, पीळसुद्धा सुटलेला नाही. पाटी बंद खोलीत. खिडकीतून टाकली असेल म्हणून मोजून पाहिलं — पाटी पंधरा इंच रुंद, खिडकीच्या जाळीचं भोक अर्धा इंच. पाटी तिथेच ठेवून खाली आलो. मंगलला म्हणालो, “ऱ्हाऊ दे. पुढच्या रविवारी बघू.”

शनिवारी भर दुपारी फाटक वाजलं. कुसुम! एका हातात पिशवी, कडेवर तीन वर्षांची पोर, दंडावर वळ. मंगलने काही न विचारता तिला पाणी दिलं आणि पोरीला दूधभात कालवला.

जरा वेळाने कुसुम म्हणाली, “दादा, सोमवारी बी आलते मी. कोपऱ्यापातूर. लांबनंच पाटी दिसली. म्हटलं, आता हितं आपलं काय न्हाई. फिरले माघारी.”

“येडे, हाक मारायची न्हाईस व्हय?”

“कुठल्या तोंडानं मारू?”

“आन् आज पाटी असती तर?”

ती पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “कृष्णामाई हाय की.”

कुसुम त्याच खोलीत राहिली, पोर तिथेच मोठी झाली. ती तार मी आयटीआयमधल्या सगळ्यांना दाखवली. पीळ न सोडता पाटी निघाली कशी, कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. पण तारेपेक्षा मला तो सोमवार जास्त छळतो. त्या दिवशी मी रजा काढून ओट्यावरच बसलो होतो — भाडेकरू येईल म्हणून रस्त्याकडे बघत. मला ती दिसली नाही.